विंडोज सुरू होत नाही, उबुंटू होते: पार्टिशनला हात लावण्याआधी

तुमची विंडोज बहुतेक शाबूत आहे. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे दुकानातलं उत्तर तूर्त बाजूला ठेवा. सी ड्राइव्हवर टॅलीचा डेटा आहे आणि त्याचा बॅकअप नाही, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा क्रम असा ठेवू: आधी डेटा बाहेर काढायचा, मग निदान, आणि दुरुस्ती सगळ्यांत शेवटी.

मूळ प्रश्न ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, तिच्यावर विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार). उबुंटूला जागा कमी पडायला लागली म्हणून एका पार्टिशन सॉफ्टवेअरने सी ड्राइव्ह लहान करून सरकवला. तेव्हापासून ग्रबच्या (उबुंटूसोबत येणारा बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) मेनूत विंडोज निवडली की निळा पडदा येतो आणि त्यावर ‘०एक्स सी००००००ई’ हा कोड. स्टार्टअप रिपेअरने हात वर केले. ‘बूटरेक /फिक्सबूट’ला ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असं उत्तर आलं. उबुंटू मात्र सुरळीत चालू आहे.

असं मशीन समोर आलं की मी आधी एकच गोष्ट बघतो: पडद्यावरची ती ओळ कोणी लिहिली? संगणक सुरू होताना काम एकाकडून दुसऱ्याकडे सोपवलं जातं. फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) उठतं, ते ईएफआय सिस्टिम पार्टिशनमधला (यापुढे ईएसपी) बूटलोडर शोधतं, बूटलोडर आपली यादी वाचतो, यादीत लिहिलेल्या पार्टिशनवर जातो, तिथून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) उचलतो, आणि कर्नल डिस्कचे ड्रायव्हर घेऊन पुढचं बघतो. गाडी जिथे अडली तिथला गडी तक्रार लिहितो. म्हणजे तक्रार कोणाची हे कळलं की त्याच्या आधीचं सगळं ठीक आहे हे आपोआप सिद्ध होतं, आणि निम्मा प्रदेश शोधातून वगळता येतो.

काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर ते फर्मवेअर बोलतंय. त्याला ईएसपी सापडत नाही, नोंद पुसली गेली आहे, किंवा डिस्कच दिसत नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट आला तर ग्रबचा पहिला तुकडा पोचला, पण त्याला त्याची मॉड्यूल्स मिळाली नाहीत. नुसता ‘ग्रब’ प्रॉम्प्ट आला तर ग्रब सगळा आला, मेनूची फाइल तेवढी सापडली नाही. या दोन प्रॉम्प्टमधला फरक लोक लक्षात घेत नाहीत आणि एकाचं औषध दुसऱ्याला देतात. कंसात ‘इनिटरॅमएफएस’ दिसलं तर लिनक्सचा कर्नल चालू झालाय, पण मूळ पार्टिशन त्याला माउंट करता, म्हणजे वापरायला जोडता येत नाही. ‘इमर्जन्सी मोड’ आला तर मूळ पार्टिशनसुद्धा लागलंय, अडचण दुसऱ्याच कुठल्या तरी पार्टिशनची आहे. आणि विंडोजचा उदास चेहरा ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत असेल तर विंडोजचा कर्नल उठलाय, त्याला स्वतःची डिस्क दिसत नाहीये.

तुमचा कोड या यादीत मध्यावर बसतो. तो निळा पडदा विंडोज बूट मॅनेजर लिहितो. म्हणजे फर्मवेअर ठीक, ईएसपी ठीक, ग्रबने बूट मॅनेजरला हाक मारली तीही पोचली. बूट मॅनेजर बीसीडी नावाची यादी वाचतो. जीपीटी (पार्टिशन टेबलची नवी पद्धत) डिस्कवर त्या यादीत विंडोजचं ठिकाण ‘सी’ असं लिहिलेलं नसतं. डिस्कचा आणि पार्टिशनचा प्रत्येकी एक लांबलचक ओळख क्रमांक असतो, तो लिहिलेला असतो. पार्टिशन सॉफ्टवेअरने सी ड्राइव्ह सरकवताना पार्टिशन नव्याने नोंदवलं की तो क्रमांक बदलू शकतो. घर तिथेच, माणसं आत, दारावरची पाटी मात्र बदललेली. पोस्टमन जुना पत्ता घेऊन गल्लीत फिरतोय. स्टार्टअप रिपेअरला हे जमायला हवं होतं, पण दोन ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या डिस्कवर ते अनेकदा गोंधळतं.

‘बूटरेक’बद्दल दोन शब्द. ही आज्ञा व्हिस्टाच्या काळातली. ‘/फिक्सएमबीआर’ डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये सुरुवातीच्या ४४६ बाइटच्या जागेतला बूट कोड बदलते; यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मशीनवर तो कोड कोणी वाचतच नाही. जुन्या बायोस मशीनवर मात्र ग्रबचा पहिला तुकडा नेमका तिथेच असतो, त्यामुळे तिथे ही आज्ञा दिली की लिनक्सचा मेनू गायब. ‘/फिक्सबूट’चा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ हा नकार विंडोज १० च्या काही आवृत्त्यांपासून यूईएफआय मशीनवर सर्रास येतो. त्याने तुमचं काही बिघडलेलं नाही. तो नकार मोडून काढायचे उपाय जागोजागी लिहिलेले सापडतात. त्यातला एक फार लोकप्रिय आहे आणि दोन ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांसाठी फार वाईट आहे. तो म्हणजे ईएसपी फॉरमॅट करणं. ईएसपीत मायक्रोसॉफ्टचं फोल्डर असतं तसं उबुंटूचंही असतं, शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) आणि ग्रब दोन्ही तिथेच. फॉरमॅट केलं की ते गेलं. शिवाय फॉरमॅटमुळे ईएसपीचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो, आणि उबुंटूची ‘एफएसटॅब’ फाइल ईएसपीला त्याच क्रमांकाने ओळखते. मग ग्रब परत बसवलं तरी उबुंटू सुरू होताना ९० सेकंद वाट बघते आणि इमर्जन्सी मोडमध्ये पडते. एक चालू होतं, तेही बंद.

आता कामाला लागू. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.

उबुंटू चालू आहे ही तुमची सगळ्यांत मोठी जमेची बाजू. तिथून ‘एलएसबीएलके -एफ’ द्या. यादीत मोठं एनटीएफएस (विंडोजची फाइलव्यवस्था) पार्टिशन दिसलं पाहिजे. त्या जागी ‘बिटलॉकर’ (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असं दिसलं तर थांबा आणि आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधा; ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, उपकरणांच्या यादीखाली साठवलेली असते. ‘मी कधी बिटलॉकर लावलंच नाही’ हे मला नेहमी ऐकायला मिळतं. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की होम आवृत्तीतही एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं. रिकव्हरी की हातात नसताना बूटच्या फाइलींशी खेळू नका.

एनटीएफएस दिसत असेल तर ते पार्टिशन फक्त वाचण्यासाठी माउंट करा, ‘माउंट -ओ आरओ’. ‘विंडोज इज हायबरनेटेड’ असा इशारा आला तर घाबरू नका. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, तेव्हापासून ‘शट डाउन’ म्हणजे अर्धी झोपच असते. त्या वेळी ‘रिमूव्ह हायबरफाइल’ हा पर्याय वापरा असा सल्ला मिळेल, तो टाळा. वाचायला त्याची गरज नाही, आणि न साठवलेलं काही असेल तर ते त्याने जातं. टॅलीचं डेटा फोल्डर, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइली उघडून बघा.

मग ‘स्मार्टसीटीएल -ए’ने एसएसडीची तब्येत बघा. एनव्हीएमईवर ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ हा आकडा शून्य असावा. जुन्या हार्ड डिस्कवर ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रिअलोकेटेड सेक्टर’ हे दोन बघायचे. हे आकडे वाढलेले असतील किंवा कॉपी करताना इनपुट-आउटपुट एरर येत असतील, तर हे प्रकरण बूटचं नाही, मरणाऱ्या डिस्कचं आहे. अशा डिस्कवर ‘चेकडिस्क /आर’ चालवणं हा आपल्याकडचा फार आवडता उद्योग. ती आज्ञा प्रत्येक सेक्टर वाचते, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्या श्रमातच जाते. तिथे आधी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यायची आणि जे काय करायचं ते प्रतीवर.

तुमची डिस्क नवी आहे, बहुधा ठीकच असेल. तरी ‘एसजीडिस्क --बॅकअप’ने पार्टिशन टेबलची प्रत आणि ‘/बूट/ईएफआय’ फोल्डरची संपूर्ण प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. दोन्ही मिळून मिनिटभराचं काम.

आता दुरुस्ती. विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लावा. बूट मेनूत तो दोनदा दिसत असेल तर ‘यूईएफआय’ असं पुढे लिहिलेला निवडा. पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की कमांड प्रॉम्प्ट उघडतो. (ज्यांच्याकडे असा पेनड्राइव्ह नाही आणि फक्त लिनक्स चालू आहे, त्यांनी विंडोजची आयएसओ ‘डीडी’ने पेनड्राइव्हवर उतरवू नये, ती तशी बूट होत नाही. व्हेंटॉय (आयएसओ थेट बूट करता येईल असा पेनड्राइव्ह बनवणारं साधन) वापरा किंवा मित्राच्या विंडोजवर तयार करून घ्या.)

‘डिस्कपार्ट’ सुरू करा, ‘लिस्ट व्हॉल्यूम’ द्या. साधारण १०० एमबीचं, एफएटी३२ लिहिलेलं व्हॉल्यूम म्हणजे ईएसपी. लॅपटॉप कंपनीने विंडोज टाकून दिली असेल तर ते २६० एमबीचंही असतं. पेनड्राइव्हही एफएटी३२च असतो, तेव्हा आकार बघूनच निवडा. ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ आणि त्याचा नंबर, मग ‘असाइन लेटर=एस’, मग ‘एक्झिट’. विंडोजच्या पार्टिशनला इथे ‘सी’ हेच अक्षर मिळालं असेल असं गृहीत धरू नका. ‘डीआयआर सी:’, ‘डीआयआर डी:’ करत जा, जिथे ‘विंडोज’ आणि ‘यूझर्स’ दिसतील ते खरं. समजा ते ‘डी’ निघालं.

आता निदान पक्कं करा: ‘बीसीडीएडिट /स्टोअर एस:\ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\बीसीडी /एनम ऑल’. विंडोज बूट लोडरच्या नोंदीत ‘डिव्हाइस’ आणि ‘ओएसडिव्हाइस’ यांच्यापुढे ‘अननोन’ दिसलं की माझा अंदाज बरोबर. जुनी यादी पुसू नका. ‘ॲट्रिब’ने तिचे हिडन आणि सिस्टिम हे गुण काढा आणि ‘आरईएन’ने नाव बदलून ‘बीसीडी.ओल्ड’ करा. मग ही एकच आज्ञा:

‘बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’

‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’ असं आलं की पेनड्राइव्ह काढा आणि रीस्टार्ट करा. ही आज्ञा विंडोजच्या फोल्डरमधून बूटच्या ताज्या फाइली ईएसपीत ठेवते आणि बीसीडी नव्याने लिहिते. उबुंटूच्या फोल्डरला ती हात लावत नाही. सी ड्राइव्हवरही काही लिहीत नाही, म्हणून धोका कमी.

रीस्टार्टनंतर ग्रबचा मेनू न येता थेट विंडोज सुरू झाली तर उबुंटू उडाली असं समजू नका. ‘बीसीडीबूट’ फर्मवेअरच्या यादीत विंडोजला पहिला नंबर देते, एवढंच. एफ१२ किंवा तुमच्या लॅपटॉपची जी कळ असेल ती दाबून बूट मेनूतून उबुंटू निवडा आणि आत जाऊन ‘ईएफआयबूटएमजीआर -ओ’ने क्रम बदला. काही लॅपटॉपचं फर्मवेअर हा क्रम जुमानत नाही. तिथे सेटअपमध्ये जाऊनच बदलावा लागतो.

आता यातून काम झालं नाही तर. ‘डीआयआर’ करताना कुठल्याच अक्षराखाली विंडोज दिसली नाही आणि ‘लिस्ट व्हॉल्यूम’मध्ये ते पार्टिशन ‘रॉ’ म्हणून दिसलं, तर सरकवताना एनटीएफएसचा बूट सेक्टर बिघडलाय. एनटीएफएस स्वतःच्या बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवते. उबुंटूतून ‘टेस्टडिस्क’ चालवा, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ते पार्टिशन निवडून ‘बूट’मध्ये जा. तिथे ‘बूट सेक्टर: बॅड, बॅकअप: ओके’ असं दिसलं तर ‘बॅकअप बीएस’ पर्याय मूळ जागी प्रत उतरवतो. दोन्ही ‘बॅड’ असतील तर पुढचं बटण दाबू नका, डिस्कची संपूर्ण प्रत घेतल्याशिवाय तर नाहीच. आणि या सगळ्यात कुठेही ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ अशी खिडकी आली तर ‘कॅन्सल’. विंडोजला जे वाचता येत नाही ते सगळं तिला फॉरमॅट करण्याजोगं वाटतं, त्यात तुमचं लिनक्सचं पार्टिशनही येऊ शकतं.

‘एनटीएफएसफिक्स’ नावाची लिनक्सवरची आज्ञा चेकडिस्कची जागा घेते असा एक समज आहे. ती काही मोजक्या विसंगती दुरुस्त करते आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी खूण करून ठेवते. खरी तपासणी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ‘चेकडिस्क /एफ’नेच (टाइप करताना ‘सीएचकेडीएसके’) करायची.

कोड बदलून ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आला तर फर्मवेअरच्या सेटअपमध्ये स्टोरेजचा मोड बघा. उबुंटूच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नव्हती म्हणून कोणी तरी ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’चं ‘एएचसीआय’ केलेलं असतं. पूर्वीचा मोड परत लावा, विंडोज उठेल. एएचसीआयच ठेवायचं असेल तर विंडोज चालू असताना ‘बीसीडीएडिट /सेट सेफबूट मिनिमल’ द्या, रीस्टार्ट करताना मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या म्हणजे योग्य ड्रायव्हर लागतो, आणि मग ‘/डिलीटव्हॅल्यू सेफबूट’ने ती नोंद काढा.

उलट बाजूची, म्हणजे विंडोज चालते पण लिनक्स नाही अशी प्रकरणं संख्येने जास्त येतात आणि सुटायला सोपी असतात. ग्रबच नाहीसं झालं असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू करा, पण आधी ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर आहे का ते बघा. नसेल तर पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू झालाय आणि पुढची सगळी मेहनत चुकीच्या जागी जाईल. असेल तर उबुंटूचं मूळ पार्टिशन ‘/एमएनटी’वर, ईएसपी ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर माउंट करा, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’, ‘रन’ बाइंड करा, ‘सीएचरूट’ करून आत जा, ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ द्या. मेनू परत आला पण त्यात विंडोज नाही, असं झालं तर ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घाला; २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम शोधण्याचं काम मुळातच बंद ठेवलेलं असतं.

‘इनिटरॅमएफएस’वर अडलेलं ईएक्सटी४ पार्टिशन ‘ई२एफएससीके’ने बरं होतं, पार्टिशन माउंट केलेलं नसताना. मुख्य सुपरब्लॉक (फाइलव्यवस्थेची मूळ माहिती असलेला ब्लॉक) गेला असेल तर ‘-बी ३२७६८’ देऊन राखीव प्रत वापरता येते. ४ केबीचे ब्लॉक असलेल्या पार्टिशनवर पहिली प्रत तिथे असते. फेडोरावाल्यांचं पार्टिशन बहुधा बीटीआरएफएस असतं, तिथे ‘चेक --रिपेअर’ला सवयीने हात घालू नका, त्या आज्ञेच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच जपून राहा असं बजावलंय.

एक प्रकार मात्र कोणत्याही पार्टिशनच्या बिघाडाशिवाय होतो. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांच्या लिनक्सने ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ एवढं म्हणून मशीन बंद केलं. जुन्या, धोकादायक बूटलोडरना रोखणारं धोरण त्या अपडेटने फर्मवेअरमध्ये लिहिलं होतं. दुहेरी बूटच्या मशीनवर ते लागू होणार नव्हतं, पण अशी मशीनं ओळखण्यात चूक झाली. तिथे लोकांनी पार्टिशनं पुसून उबुंटू नव्याने टाकली, हे वाचून आजही वाईट वाटतं. सिक्युअर बूट (फक्त खात्रीचे बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) तात्पुरतं बंद करायचं, उबुंटूत जाऊन ‘मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ द्यायचं, पुन्हा एकदा उबुंटू सुरू करायची, अपडेट घ्यायचे आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं. झालं.

तुमची विंडोज उठली की ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या, म्हणजे फास्ट स्टार्टअपची अर्धी झोप बंद होईल आणि उबुंटूतून एनटीएफएस बिनधोक वापरता येईल. सी ड्राइव्ह पुन्हा कधी लहान करायचा झाला तर तो विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमधून करा. ते पार्टिशनची सुरुवात हलवत नाही, फक्त शेपूट कापतं. मोकळी झालेली जागा उबुंटूला जोडायची ती लाइव्ह पेनड्राइव्हवरच्या जीपार्टेडमधून.

‘बीसीडीएडिट’मध्ये ‘अननोन’ दिसलंच नाही, तर मात्र ‘बीसीडीबूट’ चालवण्याआधी थांबा. ‘एलएसबीएलके -एफ’ आणि ‘बीसीडीएडिट’ या दोन्हींच्या पडद्यांचे फोटो काढून पाठवा. बिटलॉकरची की त्यात दिसणार नाही एवढं बघा.